अंकिताविना बोल



वचनपठण करताना अखेरीस येणारे अंकित आपण बहुधा सवयीने म्हणून टाकतो. लक्ष असते ते वचनाच्या आशयाकडे; अंकित आले की वचन संपले, एवढीच त्याची खूण आपल्या मनात असते. प्रस्तुत पाठात मात्र आपण अंकिताचाच विचार करणार आहोत, आणि तोही आजच्या एका प्रश्नाच्या अनुषंगाने. माणसाशी माणसासारखी बोलणारी सॉफ्टवेअर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे प्रोग्रॅम, आता घरोघरच्या मोबाईलमध्ये आले आहेत. ती घडविणाऱ्यांत आपल्या समाजाची मुलेमुलीही आहेत. कोणी हैदराबादेस, कोणी पुण्यास, कोणी बंगळुरास, तर कोणी इंदूर-वडोदऱ्याच्या कंपन्यांतून हे काम करतात. हेच त्यांचे कायक. मग या कायकाचा आचार कोणता, हा विचार वचनाभ्यासाच्या बाहेरचा आहे असे कसे म्हणावे?

प्रथम अंकित. बसवण्णांच्या वचनांत कूडलसंगमदेव येतो, अल्लमप्रभूंच्या वचनांत गुहेश्वर, अक्कमहादेवींच्या वचनांत चन्नमल्लिकार्जुन आणि सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या वचनांत कपिलसिद्धमल्लिकार्जुन. ही वचनकारांची स्वतःची नावे नव्हेत. ती त्यांच्या आराध्याची नावे होत. अभंगात संत आपले नाव घालतात, तशातला हा प्रकार नाही. शरणाने जे सांगितले ते आराध्यास साक्षी ठेवून सांगितले, असा अंकिताचा भाव आहे. वचन कोणाचे हे त्यावरून कळतेच. शिवाय बोलणारा आपल्या बोलाला बांधलेला आहे, हेही कळते. 'वचन' या शब्दाचा 'दिलेला शब्द' असा अर्थ आपल्या मराठीत रूढ आहे, तो येथे ध्यानी घ्यावा. बोलणे एक आणि वागणे एक, यावर शरणांनी जितके कठोर प्रहार केले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशावर केले असतील.

म्हणूनच अंकिताला समाज जिवापाड जपत आला. विजापूरच्या फ. गु. हळकट्टी यांनी गावोगावची ताडपत्रे मिळवून १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. तेव्हापासून वचनांच्या संपादकांचे पुष्कळसे श्रम कोणते वचन कोणाचे आणि कोणते मागाहून घुसडलेले, हे निवडण्यात गेले आहेत. अलीकडचा दाखला द्यावयाचा तर 'वचनदीप्ती' या कन्नड ग्रंथाचा देता येईल. त्यात बसवण्णांचे अंकित बदलून 'लिंगदेव' असे छापण्यात आले. १९९८ साली कर्नाटक सरकारने ग्रंथावर बंदी घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ साली तेथेही बंदी कायम राहिली. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. एका शब्दासाठी वीस वर्षे कोर्टकचेरी चालावी इतके अंकिताचे मोल आहे, एवढेच दाखवावयाचे होते.

आता यंत्राच्या बोलण्याकडे वळू. ही गोष्ट आजची नाही. तिला साठ वर्षे होत आली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम नावाचे प्राध्यापक होते. जन्म १९२३ सालचा, बर्लिनचा. घराणे ज्यू, म्हणून नाझी राजवटीत १९३६ साली देश सोडावा लागला. १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी संगणकासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला 'एलायझा' असे नाव ठेवले. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकात फुले विकणारी एक मुलगी आहे. ती बोलण्याची ढब शिकून बड्या लोकांत खपून जाते. तिचे हे नाव. एलायझाला निरनिराळी सोंगे देता येत. त्यांपैकी सर्वांत गाजले ते मानसोपचारतज्ज्ञाचे. माणसाने टंकून आपले मन सांगावयाचे आणि यंत्राने त्यावर प्रश्न विचारावयाचा.

करामत अगदी साधी होती. वाक्यात ठरावीक शब्द सापडतो का ते पाहावयाचे, 'मी'चे 'तुम्ही' आणि 'माझे'चे 'तुमचे' करावयाचे, आणि वाक्याला प्रश्नाचे शेपूट लावून ते परत करावयाचे. समजा कोणी लिहिले, 'माझी सून माझ्याशी बोलत नाही', तर उत्तर यावयाचे, 'तुमची सून तुमच्याशी बोलत नाही असे तुम्हाला का वाटते?' ओळखीचा शब्द सापडलाच नाही तर 'बरे, पुढे सांगा' अशा धाटणीचे काहीतरी. सून म्हणजे काय, घरातला अबोला म्हणजे काय, यातले यंत्राला काहीएक ठाऊक नव्हते. मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग निवडले तेही याच सोयीसाठी. असा तज्ज्ञ प्रश्नाला प्रश्न लावतो, आणि स्वतःहून काही माहिती सांगत नसला तरी ते कोणाला खटकत नाही.

वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंनी हा प्रोग्रॅम कित्येक महिने त्यांच्या हातून घडताना पाहिला होता. आत काय आहे हे त्या पुरते जाणत होत्या. तरीही एके दिवशी त्या त्याच्याशी बोलावयास बसल्या, आणि चार वाक्ये होतात न होतात तोच त्यांनी प्राध्यापकांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. पुढे वायझेनबॉम यांनी लोकांची अशी संभाषणे नोंदवून तपासण्याचे मनात आणले, तेव्हा लोक संतापले. हे आमच्या मनातले चोरून ऐकण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. यंत्राजवळ लोकांनी खरोखरच मन मोकळे केले होते.

याहून मोठा धक्का त्यांना तज्ज्ञ मंडळींकडून बसला. केनेथ कोल्बी हे मानसोपचारतज्ज्ञ व त्यांचे सहकारी यांनी १९६६ सालीच असे मांडले की, असा प्रोग्रॅम सुधारून घेतल्यास इस्पितळांतून तासाला कित्येकशे रुग्णांना त्याचा लाभ देता येईल. वायझेनबॉम अस्वस्थ झाले. दुसऱ्याचे दुःख ऐकणे हे ज्यांचे कायक, त्यांनाच ते कायक शब्दांच्या उलटापालटीवर सोपवावेसे वाटावे, हे त्यांना पटेना. १९७६ साली त्यांनी 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक लिहिले. जेथे माणसाने माणसाला आदर, समज आणि प्रेम द्यावयाचे असते तेथे यंत्र बसवू नये, आणि ज्याचे परिणाम मागे फिरविता येणार नाहीत व आधी नीट दिसतही नाहीत अशा कामीही यंत्र योजू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. यंत्राला अमुक एक गोष्ट जमेल की नाही, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. जमली तरी ती त्याच्याकडे द्यावी का, असे ते विचारीत होते. त्यांच्या क्षेत्रातील कित्येकांना हे रुचले नाही. तरी २००८ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. पंचाचारांतील गणाचार आपण शिकतो तो हाच: आपल्या गणात चुकीचे काही चालले असेल तर आपलेच लोक आहेत म्हणून गप्प बसावयाचे नाही.

येथे एक शंका निघेल. एलायझाने कोणाला खोटे असे काय सांगितले? तिचे प्रत्येक वाक्य तर बोलणाऱ्याचेच होते, फक्त उलटे केलेले. शंका रास्त आहे. उत्तरासाठी आपण शून्यसंपादनेकडे जाऊ.

पंधराव्या शतकात संकलित झालेल्या त्या ग्रंथात अल्लमप्रभूंचे शरणांशी झालेले संवाद गुंफलेले आहेत. अक्कमहादेवी कल्याणास आल्या तेव्हा अनुभवमंटपात प्रभुदेवांनी त्यांची घेतलेली परीक्षा आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रश्नामागून प्रश्न. तेही टोचणारे: पती सोडला तो का, देहभाव गेला म्हणता तर केशांनी देह झाकला तो कशासाठी. वरवर पाहता प्रभुदेवही समोरच्याचेच म्हणणे उलटून विचारीत आहेत. पण विचारणाऱ्याने स्वतः ती वाट तुडविलेली आहे. उत्तर ऐकून तो बदलू शकतो, नमू शकतो. आणि अखेरीस भर सभेत अक्कांपुढे नम्र होतोही. एलायझाच्या प्रश्नामागे असे कोणीही नव्हते. पुढ्यात ऐकणाऱ्याची मुद्रा होती आणि तिच्यामागची जागा रिकामी होती. सचिव बाईंनी प्राध्यापकांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले ते या रिकाम्या जागेसाठी.

आजची सॉफ्टवेअर एलायझाहून फार पुढे गेली आहेत, हे मान्य केले पाहिजे. अब्जावधी वाक्ये पचवून, दिलेल्या मजकुरापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती गणिताने ठरवितात आणि शब्दाला शब्द जोडीत जातात. मग माणसांकडून उत्तरांना बरे-वाईट ठरवून घेऊन त्यांना वळण लावले जाते. आता माणसाला बरे वाटते ते काय? बहुतेकदा आपल्यासारखेच बोलणारा. त्यामुळे यंत्राला होयबा होण्याची खोड लागते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला आपल्या चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ती लोकांची वाजवीपेक्षा अधिक खुशामत करू लागली होती. शरणांनी मृदू वाणीचे महत्त्व सांगितले आहे हे खरे, पण प्रभुदेवांची वाणी आठवावी. खुशामत करणारा गुरू कल्याणात एक दिवसही टिकला नसता!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या बोलण्याखाली अंकित कोणाचे?

अमेरिकेतच घडलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खाण्यापिण्याच्या मानसिक विकारांनी ग्रासलेल्यांसाठी तेथे 'नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन' ही संस्था आहे. उपाशी राहून राहून ज्यांचा जीव धोक्यात येतो, अशा मुलीबाळी तिच्याकडे वळतात. २०२३ साली संस्थेने माणसे बोलत असलेली आपली हेल्पलाइन बंद करण्याचे जाहीर केले. तिच्याजवळ 'टेस्सा' नावाचे बोलणारे सॉफ्टवेअरही होते. मुळात टेस्साची उत्तरे संशोधकांनी तपासून ठरवून दिलेली होती. पुढे ते चालविणाऱ्या कंपनीने त्यात नवी कृत्रिम बुद्धिमत्ता घातली, आणि टेस्सा या रुग्णांना वजन कसे घटवावे, कॅलरी कशा मोजाव्यात हे सांगू लागली! ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरच्यांना या सल्ल्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. बोभाटा झाला आणि मे २०२३ अखेर टेस्सा बंद करण्यात आली. मग विचारणा झाली. संस्था म्हणाली, या बदलाची आम्हास कल्पना नव्हती. कंपनी म्हणाली, तो करारात होता. संशोधकांनी लिहिलेली वाक्ये तर ती नव्हतीच. सल्ला दिला गेला होता, पण तो आपला म्हणणारा कोणी सापडेना.

कॅनडात तर याच्या पुढची पायरी गाठली गेली. आजी वारल्यामुळे एका प्रवाशाला तातडीने विमानाने जावयाचे होते. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या सॉफ्टवेअरने त्याला सांगितले की, पूर्ण भाडे भरून जा, अशा प्रसंगीची सवलत मागाहून मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता, म्हणून पैसे परत मिळाले नाहीत. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले. तेथे कंपनीने मांडलेल्या बचावाचा अर्थ असा निघत होता की, ते सॉफ्टवेअर म्हणजे आपल्या बोलण्याला आपणच जबाबदार असलेली वेगळी व्यक्ती होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि प्रवाशास सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्यास सांगितले. रक्कम फार नाही. पण दुकान तुमचे, पाटी तुमची, तर दारात बोलणाऱ्याचा शब्दही तुमचाच, हे एकदा ठरले ते बरे झाले.

म्हणून या कायकात असणाऱ्या आपल्या मुलामुलींनी सॉफ्टवेअर घडविताना अंकिताचा प्रश्न प्रथम विचारावा. यंत्र बोलते आहे हे समोरच्याला ठळकपणे कळते का? ते चुकले तर चूक आपली म्हणणारे माणूस कोण, आणि दुःखी माणसाला त्याच्यापर्यंत पोहोचता येते का? एलायझाच्या वेळी यंत्र आहे हे ठाऊक असूनही माणूस गुंतला. तेव्हा 'हे यंत्र आहे' अशी बारीक अक्षरांतली ओळ कोपऱ्यात टाकली की आपण सुटलो, असे समजू नये. आणि वरिष्ठ म्हणतील, हे सारे केले तर वेळ लागेल, ग्राहक कमी होतील. लागू दे वेळ. कायक शुद्ध नसेल तर त्यातून केलेला दासोहही शुद्ध नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवितात.

दासोहावरून आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आठवते. कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणावेत आणि त्यांवर जंगम दासोह चालवावा, हे या दांपत्याचे कायक. एके दिवशी मारय्यांनी नित्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी पाहताच ओळखले आणि रोजच्यापुरते ठेवून बाकीचे जेथले तेथे टाकून येण्यास पतीस सांगितले. तांदूळ चोरीचे नव्हते. सांडलेलेच होते, कोणी आडवा आला नव्हता, आणि दासोहासाठीच लागणार होते. तरीही गरजेपलीकडचा दाणा त्यांनी घरात ठेवून घेतला नाही.

बोलणारी यंत्रे घडविण्याचा पहिला व्यवहारच वेचण्याचा आहे. लोकांनी लिहिलेले, बोललेले, छायाचित्रे, आवाज, सारे गोळा करावयाचे. आज लागत नसले तरी उद्या लागेल म्हणून साठवावयाचे. 'सांडलेलेच तर आहे' हा युक्तिवाद येथेही ऐकू येतो. सचिव बाईंनी एकांतात जे सांगितले, तशी बोलणी आज लाखो लोक यंत्राला सांगतात, आणि ती कोठेतरी साठत असतात. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला. संमती घ्यावयाची ती ठरावीक कारणासाठी आणि त्या कारणास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती, असे त्यात आहे. कायदा चांगलाच आहे. पण वेचण्यासाठी बाहेर पडलेल्याला घरात विचारणारी लक्कम्मा हवी. कंपनीच्या बैठकीत 'एवढे कशाला आणले?' असे विचारणारे एक जरी माणूस असले तरी पुष्कळ फरक पडतो, आणि ते माणूस आपल्या घरचे असावे असे वाटते.

राहिला आपल्या मठामंदिरांचा प्रश्न. बसवण्णांच्या आवाजात, त्यांच्या नावाने भक्तांच्या शंकांना उत्तरे देणारे सॉफ्टवेअर करू, असा उत्साह आज ना उद्या कोणाला तरी येईल. हेतू चांगलाच असेल. त्यांनी कॅथलिक बांधवांचा अनुभव पाहावा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा, पाद्रीच्या झग्यातला बोलका प्रोग्रॅम सुरू केला. तो आपण खरोखरच पाद्री असल्याचे सांगू लागला, आणि पापांची कबुली ऐकून क्षमाही देऊ लागला. दोन दिवसांत त्याचा झगा उतरवून त्याला नुसता 'जस्टिन' करावे लागले. आपल्याकडे याहून अवघड होईल. असे यंत्र बसवण्णांच्या ढंगात वाक्ये रचील आणि अखेरीस कूडलसंगमदेव हे अंकितही लावील, कारण त्या जागी तो शब्द येतो एवढे त्याला गणिताने कळलेले असते. ते वचन मोबाईलवरून हजारो भक्तांपर्यंत जाईल, सकाळच्या पठणात म्हटले जाईल. ताडपत्रे पारखून पारखून ज्यांनी खरे-खोटे निवडले त्यांच्या शंभर वर्षांच्या श्रमांत एका वर्षात किती माती मिसळेल, याचा अंदाज करवत नाही. लिंगदीक्षा तर दूरच. तेथे गुरूचा हस्त लागतो.

संगणकच नको, असे मात्र कोणी यावरून काढू नये. 'वचनसंचय' या कन्नड संकेतस्थळावर एखादा शब्द दिला की तो कोणकोणत्या वचनांत आला आहे ते वचनकाराच्या नावासह समोर येते. कन्नड वाचता येणाऱ्या वडीलधाऱ्यांस जवळ बसवून बेळगाव-निपाणीकडील आपल्या मंडळांना याचा सहज उपयोग करून घेता येईल. तेथे यंत्र शोधून देते, वचन शरणांचेच राहते, आणि अर्थासाठी मंडळातल्या माणसांना एकमेकांशी बोलावे लागते.

पुढील अंकापासून आयदक्की लक्कम्मांच्या वचनांचा क्रमवार पाठ सुरू करीत आहोत.